दोन रेणूंच्या मधला उजेड

सोलापूरच्या पूर्व भागात हातमाग आता मोजकेच उरलेत. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी त्यातला एक अजून चालतो. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा मागावर धूपछावीचं कापड चढलेलं होतं. ताणा निळा, बाणा लाल. तिच्या वडिलांनी विणून झालेला हातभर भाग उजेडाकडे तोंड करून जरा कलता धरला आणि निळसर कापड बघता बघता जांभळं झालं. आणखी कलतं केलं, तर लालीकडे झुकलं.

"घरात जांभळ्या सुताची एक कांडी नाही बघा," ते म्हणाले. "पण धागा दाट बसायला पाहिजे. विरळ पडला की ही छाव उठत नाही."

मुलीने कपाटातलं भिंग काढलं आणि कापडावर धरलं. जांभळा रंग गेला. निळा धागा, लाल धागा, पुन्हा निळा धागा, एवढंच राहिलं. मग तिने बोट पाण्यात बुडवून फोनच्या स्क्रीनवर एक थेंब सोडला. स्क्रीनवर पिवळ्या झेंडूचा फोटो होता. थेंबाखाली पिवळं काहीच नव्हतं. लाल आणि हिरवे बारीक ठिपके होते, निळे जवळजवळ विझलेले.

"म्हणजे सर, तिसरा रंग आपल्या डोळ्यातच होतो. दोघांचा मिळून असा खराखुरा रंग कुठं नसतोच का?"

असतो. ज्या जातीची स्क्रीन तिच्या हातात होती, त्याच जातीच्या दिव्यांमध्ये तो तयार होतो. त्या दिवशी मला ते नीट सांगता आलं नाही. वही-पेन नव्हतं आणि चहा आला होता. म्हणून आता लिहून सांगतो.

या स्क्रीनला ओएलईडी म्हणतात. त्यातल्या 'ओ'चा अर्थ ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभे असलेले रेणू. काचेवर वीज वाहून नेणारा पारदर्शक थर, त्यावर अशा रेणूंचे चार-सहा अतिपातळ थर आणि सगळ्यात वर धातू. मधल्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० नॅनोमीटर असते. आपला केस याच्या सात-आठशेपट जाड भरतो. १९८७ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असे दोनच थर एकावर एक देऊन, दहा व्होल्टच्या आतल्या विजेवर चांगला लख्ख हिरवा उजेड काढून दाखवला. त्याआधीही अशा पदार्थांतून उजेड निघाला होता, पण त्याला शेकडो व्होल्ट लागत. आजच्या फोनपर्यंतचा रस्ता या दोन थरांपासून सुरू होतो.

उजेड निघतो कसा, हे एक रेणू म्हणजे माडीचं घर असं समजलं की सोपं जातं. खालचा मजला इलेक्ट्रॉननी भरलेला, माडी रिकामी. धातूच्या बाजूने वीज जोडली की शेजारच्या रेणूंच्या माड्यांवरून उड्या मारत एक इलेक्ट्रॉन आत येतो. दुसऱ्या बाजूने रेणूंच्या खालच्या मजल्यावरचा एकेक इलेक्ट्रॉन बाहेर ओढला जातो आणि तिथे जागा रिकामी होते. पंगतीत एकजण उठला आणि बाकीचे एकेक पाट सरकले, तर रिकामा पाट उलट दिशेने चालत गेल्यासारखा दिसतो. तशी ही रिकामी जागा रेणूरेणूंतून पुढे सरकते. भौतिकशास्त्रात तिला होल म्हणतात आणि तिला धन प्रभार असल्यासारखंच वागवतात.

आता माडीवरचा इलेक्ट्रॉन आणि खालची रिकामी जागा एकाच घरात आली, की इलेक्ट्रॉन खाली पडतो आणि पडताना जी ऊर्जा सुटते ती प्रकाश होऊन बाहेर येते. माडी उंच असेल तर निळा-जांभळा, कमी उंच असेल तर हिरवा, आणखी ठेंगणी असेल तर लाल. रंग ठरतो तो पडण्याच्या उंचीवरून. शास्त्रज्ञ ही उंची इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. लाल प्रकाशाला साधारण २, हिरव्याला २.३ आणि जांभळ्याला ३ च्या आसपास.

इथपर्यंत सगळा मामला एका घरातला होता. आता शेजारी दोन वेगळ्या जातीची घरं बांधू.

एक रेणू इलेक्ट्रॉन सहज देणारा, त्याला देणारा म्हणू. दुसरा इलेक्ट्रॉन धरून ठेवणारा, तो घेणारा. समजा देणाऱ्याचा खालचा मजला ०.८ वर आहे आणि माडी ३.८ वर, म्हणजे त्याची उंची ३. घेणाऱ्याचा खालचा मजला शून्यावर आणि माडी ३.१ वर, म्हणजे उंची ३.१. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण खऱ्या जोड्या साधारण अशाच असतात. दोघंही एकएकटे असतील तर जांभळा प्रकाश देतील.

दोघांना शेजारी आणलं आणि वीज सोडली तर काय होईल? इलेक्ट्रॉन नेहमी खालची माडी शोधतो, म्हणून तो घेणाऱ्याच्या ३.१ वर जाऊन बसतो. रिकाम्या जागेचं उलट असतं, तिला वरचा मजला सोयीचा. म्हणून ती देणाऱ्याच्या ०.८ वर थांबते. इलेक्ट्रॉन एका घरात, त्याची जागा शेजारच्या घरात. ऋण आणि धन प्रभार समोरासमोर आल्याने दोघांत ओढ असते आणि ते एकमेकांना सोडत नाहीत. शेवटी इलेक्ट्रॉन आपल्या माडीवरून शेजाऱ्याच्या खालच्या मजल्यावर उतरतो. ३.१ वजा ०.८ म्हणजे २.३. प्रकाश निघतो हिरवा. (दोघांमधल्या ओढीमुळे हा आकडा आणखी थोडा खाली येतो, ते इथे सोडून देतो.)

जांभळ्यात जांभळा मिसळून हिरवा. डोळ्याने केलेल्या कुठल्याही मिसळीत हे होणार नाही. या हिरव्यावर कितीही ताकदीचं भिंग धरा, त्याच्या पोटात दोन जांभळे सापडणार नाहीत. तो प्रकाश देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचाही नाही. दोघं शेजारी होते म्हणूनच तो आहे. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

अशा जोडीला एक्सिप्लेक्स म्हणतात, उत्तेजित झालेल्या दोघांचा मिळून झालेला एक गट. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की ही जोडी फक्त उत्तेजित असतानाच, म्हणजे इलेक्ट्रॉन माडीवर असेतोवरच, अस्तित्वात असते. वीज बंद असताना त्याच थरातले तेच दोन रेणू एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्यात बंध नसतो. त्या मिश्रणाने कुठले रंग शोषले ते तपासलं, तर देणाऱ्याची खूण दिसते, घेणाऱ्याची दिसते, तिसरी दिसत नाही. उजेड बाहेर पडला की त्याच क्षणी जोडी मोडते आणि दोघं पुन्हा परके होतात.

हे कळायला सुरुवात झाली ती दिव्यांमुळे नव्हे, बाटलीतल्या द्रावणांमुळे. १९५४ मध्ये जर्मनीत थिओडोर फोर्स्टर यांच्या प्रयोगशाळेत पायरीन नावाच्या पदार्थाचं पातळ द्रावण जांभळट उजेड देत होतं आणि तेच दाट केलं की निळसर. एक उत्तेजित पायरीन दुसऱ्या शांत पायरीनला जाऊन चिकटत होता. जातभाईंच्या या जोडीला एक्सायमर नाव पडलं. पुढे १९६३ च्या सुमारास लिओनहार्ट आणि आल्बर्ट वेलर यांना दोन वेगळ्या जातींच्या रेणूंत असंच घडताना दिसलं. पेरिलीन हा घेणारा आणि ॲनिलीनच्या घराण्यातला एक रेणू देणारा. ॲनिलीन हे नाव आपल्याकडच्या नीळ शब्दावरूनच फिरत फिरत, अरबी आणि पोर्तुगीज वळणं घेत युरोपात पोचलं, कारण तो पदार्थ पहिल्यांदा निळीतून काढला गेला. रंगाऱ्यांच्या पिंपातून निघालेली घराणी दिव्यांच्या शास्त्रात येऊन बसली आहेत, हे सोलापुरात बसून लिहिताना मला फार जवळचं वाटतं.

पण दिवे बनवणाऱ्यांना ही जोडी सुरुवातीला नको होती. ओएलईडीत दोन थर जिथे टेकतात तिथे एका बाजूला देणारे रेणू असतात, दुसऱ्या बाजूला घेणारे. तिथे न बोलावता एक्सिप्लेक्स तयार व्हायचे. हवा होता स्वच्छ निळा, निघायचा फिकट हिरवट. शिवाय या प्रकाशाचा पट्टा पसरट असतो. थरातल्या सगळ्या जोड्या सारख्या अंतरावर बसलेल्या नसतात. कुणी जवळ, कुणी जरा तिरपे, आणि प्रत्येकीचा हिरवा एक-दोन छटांनी वेगळा. शिवाय इलेक्ट्रॉन खाली उतरल्यावर जोडीचं ठराविक असं स्थिर रूपही उरत नाही. म्हणून सगळं मिळून रंग पुसल्यासारखा होतो. टीव्हीला नेमका लाल आणि नेमका हिरवा लागतो, त्याला हे चालत नाही. त्या काळात एक्सिप्लेक्स टाळायचा कसा, यावरच बरीच डोकी खपली.

मग हीच जोडी हवीहवीशी कशी झाली, ते समजायला एका मोठ्या गळतीकडे बघावं लागतं.

इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो. वीज देऊन आणलेले इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटतात तेव्हा त्यांच्या स्पिनच्या जुळणीचे चार प्रकार होतात आणि चारही सारख्याच शक्यतेचे. त्यातला एक सिंगलेट, उरलेले तीन ट्रिपलेट. सिंगलेटमधून इलेक्ट्रॉन चटकन खाली येतो आणि उजेड देतो. ट्रिपलेटला मात्र खाली यायची वाट स्पिनच्या नियमाने बंद असते. तो रेणू ऊर्जा धरून बसतो आणि शेवटी तिची उष्णता होते. म्हणजे आपण दिलेल्या विजेतून जन्मलेल्या शंभर उत्तेजित अवस्थांपैकी पंचाहत्तर वाया. वरून जो उजेड तयार होतो, त्यातला साधा सपाट दिवा जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर सोडतो, बाकीचा थरांत आणि काचेत अडकतो. २५ टक्क्यांचा पाचवा हिस्सा ५ टक्के. ही बरीच वर्षं साध्या ओएलईडीची लक्ष्मणरेषा होती.

पहिला तोडगा जड धातूंचा. १९९८-९९ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्प्सन यांच्या गटाने आधी प्लॅटिनमचे आणि मग इरिडियमचे रेणू वापरून ट्रिपलेटलाही उजेड द्यायला लावलं. जड अणूच्या शेजारी स्पिनचा नियम सैल पडतो. आज फोनमधला लाल आणि हिरवा याच वाटेने येतो. पण इरिडियम दुर्मीळ आणि महाग, आणि निळ्या रंगात असे रेणू लवकर थकतात.

दुसरा तोडगा म्हणजे आपली शेजाऱ्यांची जोडी. एका रेणूवर इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा एकाच घरात दाटीवाटीने असतात. अशा वेळी सिंगलेट आणि ट्रिपलेट यांच्या उंचीत मोठा फरक पडतो, बहुतेक वेळा अर्धा ते एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ट्रिपलेट खाली, सिंगलेट वर. दोघं जितके एकमेकांवर लवंडलेले, तितका हा फरक मोठा. एक्सिप्लेक्समध्ये इलेक्ट्रॉन एका घरात आणि जागा दुसऱ्या घरात असल्याने ते एकमेकांवर फारसे लवंडत नाहीत. मग फरक ०.१ च्याही खाली, कधी ०.०५ पर्यंत येतो.

याचा फायदा आकड्यांत बघा. खोलीत आपल्याभोवती जी उष्णता आहे, तिच्यामुळे रेणू सतत थरथरत असतात, आणि त्या थरथरीचं माप साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ०.५ ची पायरी या थरथरीच्या जोरावर चढायची, तर ढोबळ हिशेबाने सुमारे ५० कोटींत एकदा जमेल. ०.०५ ची पायरी सातातून एकदा जमते. पन्नास कोटी कुठे, सात कुठे! मधल्या काळात स्पिनही पालटावा लागतो, त्याची स्वतःची गती असते, पण इथे तो पालटायला पुरेसा वेळ आणि वाव मिळतो. अडकलेला ट्रिपलेट आजूबाजूच्या उबेवर वर चढतो, सिंगलेट होतो आणि उजेड देऊन मोकळा होतो. जड धातू नाही, काही नाही. फुकटची ऊब.

जपानमधल्या क्युशू विद्यापीठातल्या चिहाया आदाची यांच्या गटाने २०१२ मध्ये हे दाखवून दिलं. त्याच वर्षी त्यांनी एकाच रेणूत देणारा आणि घेणारा भाग बसवूनही हे साधलं आणि ते काम जास्त गाजलं. पण दोन वेगवेगळे रेणू नुसते मिसळून केलेल्या त्यांच्या एक्सिप्लेक्स दिव्याने ५.४ टक्के गाठले होते आणि नंतर दुसऱ्या जोडीने १०. आकडा छोटा दिसतो. पण ५ ची रेषा ओलांडली म्हणजे वाया जाणारे पंचाहत्तर परत यायला लागले, हे त्यातून कळतं.

उष्णता मदत करते म्हटल्यावर सोलापूरकराच्या मनात पहिली शंका मे महिन्याची येणार. बाहेर ४२ अंश असताना फोन जास्त उजळ होतो का? नाही. तापमान मोजायचं ते निरपेक्ष शून्यापासून, आणि तिथून पाहिलं तर २५ अंश आणि ४२ अंश यांत जेमतेम सहा टक्क्यांचा फरक आहे. पायरी चढणं थोडं सोपं होतं, पण त्याच उष्णतेने ऊर्जा वाया घालवणाऱ्या वाटाही रुंदावतात आणि थर लवकर झिजतात. उन्हात फार तापलेला फोन आपणहून स्क्रीन मंद करतो ते बरोबरच करतो.

या जोडीची किंमतही त्याच अंतरात आहे. दोघं वेगळ्या घरांत असल्याने पायरी छोटी होते, पण दोघं वेगळ्या घरांत असल्यानेच इलेक्ट्रॉनला खाली उतरायला वेळ लागतो. साधा रेणू काही नॅनोसेकंदांत उजेड देऊन मोकळा होतो. इथे ट्रिपलेटची चढ-उतार धरून वाट बघणं मायक्रोसेकंदांवर जातं, म्हणजे शेकडो-हजारोपट. तेवढ्यात दुसरी उत्तेजित जोडी येऊन धडकली किंवा वाटेने जाणारा प्रभार आदळला, की ऊर्जा गेली. दिवा मंद असेल तोवर बरं चालतं, प्रखर केला की कार्यक्षमता ढासळते. आणखी एक सापळा आहे. देणारा किंवा घेणारा, कुणाचाही स्वतःचा ट्रिपलेट जोडीच्या उंचीखाली असेल, तर ऊर्जा त्या खड्ड्यात घरंगळते आणि परत येत नाही. म्हणून जोडी जुळवताना दोघांचे ट्रिपलेट आधी मोजून घ्यावे लागतात. पत्रिकाच म्हणायची.

यावर मला सगळ्यात आवडलेली युक्ती दक्षिण कोरियातली. सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात किम जांग-जू यांच्या गटाने २०१३ च्या सुमारास एक्सिप्लेक्सला उजेड द्यायला न लावता यजमान केलं. देणारे आणि घेणारे निम्मेनिम मिसळून थर दिला आणि त्यात इरिडियमचा रेणू थोडासाच टाकला. इलेक्ट्रॉन घेणाऱ्यांच्या माड्यांवरून येतात, होल देणाऱ्यांच्या खालच्या मजल्यांवरून, कुणालाच उंच उडी मारावी लागत नाही. म्हणून दिवा कमी व्होल्टवर लागतो. दोघं भेटतात तिथे एक्सिप्लेक्स होतो आणि तो आपली सगळी ऊर्जा झटकन पाहुण्याला देऊन टाकतो. उजेड पाहुण्याचा, त्यामुळे रंग नेमका. वाट बघण्याचा प्रश्नही मिटतो. थरांत अडकणारा उजेडही इथे कमी होता, त्यामुळे अशा दिव्यांनी सुमारे ३० टक्के गाठले. थरांच्या कडेला नको असताना उगवणारी जोडी आता मुद्दाम थरभर पेरली जाते.

एक्सिप्लेक्सचं दुसरं टोक २०१७ मध्ये दिसलं. आदाची यांनीच, सहकारी रियोता काबे यांच्यासोबत, घेणाऱ्या रेणूंच्या गर्दीत देणारे अगदी तुरळक पेरले, शंभरात एक. प्रकाश पाडला की इलेक्ट्रॉन देणाऱ्यापासून निघून घेणाऱ्यांच्या माड्यांवरून दूर भटकत जातात. परत येऊन आपल्या रिकाम्या जागेला भेटायला त्यांना वेळ लागतो, आणि जसजसे भेटतात तसतसा उजेड निघतो. दिवा बंद केल्यावर तासाभराहून जास्त वेळ तो पदार्थ चमकत राहिला. छताला लावतो त्या चांदण्यांसारखा, पण त्यातल्या धातूंच्या क्षारांशिवाय. आणि भटकलेले इलेक्ट्रॉन परत न येऊ देता तारेने बाहेर काढले, तर हीच रचना सौरघट होते. उजेड देणं आणि वीज देणं यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन किती लांब गेला, एवढाच प्रश्न उरतो.

अवघड राहिलाय तो निळा. जोडीचा प्रकाश निळा हवा तर देणारा आणि घेणारा, दोघांच्या स्वतःच्या माड्या त्याहून उंच हव्यात आणि दोघांचे ट्रिपलेटही वर हवेत. अशा ताणाखालचे रेणू सारखे उत्तेजित होत राहिले की त्यांचे बंध तुटतात. शिवाय नुसत्या मिश्रणात कोण कुणाच्या किती जवळ बसेल, हे आपल्या हातात नसतं. म्हणून आता काही रसायनशास्त्रज्ञ देणारा आणि घेणारा एकाच कण्यावर, समोरासमोर तोंड करून बसवतात, मध्ये ०.३ ते ०.४ नॅनोमीटरची फट ठेवून. फट वाढली की जोडी जमत नाही, उजेड अंधुक होतो.

हे मी त्या मुलीला फोनवर वाचून दाखवलं. तिने ते तेलुगूत वडिलांना सांगितलं. मागाचा खडखड आवाज थांबला, मग वडील फोनवर आले आणि म्हणाले, "तेच तर सांगत होतो सर तुम्हाला. विरळ पडलं की उठत नाही."